स्वतःची जाहिरात-चित्रफीत : एका माणसाची चार कामे

घरगुती फराळ विकणारी गृहिणी असो, योगवर्ग चालवणारे शिक्षक असोत की उपनगरातील एखादे छोटे शिलाई केंद्र असो, आपल्या कामाची ओळख करून देणारी एक लहानशी ध्वनिचित्रफीत इंटरनेटवर असावी, असे आज बहुतेक व्यावसायिकांना वाटते. त्यासाठी लागणारा कॅमेरा खिशातच असतो. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. भारतात २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० मध्ये इन्स्टाग्रामचे ‘रील्स’ व यूट्यूबचे ‘शॉर्ट्स’ भारतात आले. जाहिरातीसाठी एकेकाळी अनिवार्य असलेले स्टुडिओ, वितरक आणि मोठे भांडवल यांचा अडसर त्यामुळे बऱ्याच अंशी दूर झाला.

तरीही स्वतःची चित्रफीत करायला बसलेल्या माणसाचा अनुभव बहुधा सुखाचा नसतो. पहिल्या प्रयत्नात शब्द अडखळतात, दुसऱ्यात शेजारच्या घरातील कुकरची शिट्टी येते, तिसऱ्यात सारे जमते, तर ध्वनिमुद्रणच झालेले नसते. चेहरा काळवंडलेला दिसतो, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. संकलनासाठी घेतलेले सॉफ्टवेअर मराठी अक्षरांची मोडतोड करते. रविवारची सारी दुपार खर्ची पडते आणि हाती आलेली दीड मिनिटाची चित्रफीत कोणाला दाखवण्याचा धीर होत नाही. अनेकजण याच टप्प्यावर ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून थांबतात. यात व्यवसायाचे नुकसान होते. शिवाय जो माणूस आपल्या मालाविषयी सर्वांत अधिक जाणतो, त्याचेच सांगणे ग्राहकापर्यंत पोहोचत नाही.

या निराशेचे मूळ सहसा कौशल्याच्या अभावात नसते. चित्रफीत करणे म्हणजे लेखन, चित्रीकरण, निवेदन आणि संकलन ही चार वेगवेगळी कामे होत. चित्रपटाच्या व्यवसायात ती चार निरनिराळी माणसे करतात. घरी मात्र एकच माणूस एकाच वेळी काय बोलायचे ते आठवतो, कॅमेऱ्याकडे पाहतो, प्रकाशाची चिंता करतो आणि ‘हे कापता येईल का’ याचाही विचार करतो. ही कामे वेगळी करून एकामागून एक केली, तर निम्म्याहून अधिक त्रास टळतो.

फाळके यांची ‘अंकुराची वाढ’

मराठी माणसाला हा धडा फार जुना आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटकलेची प्राथमिक माहिती घेऊन परतले आणि त्यांनी विल्यमसन कॅमेरा मागवला. कथापटासाठी भांडवल हवे होते. पण या नव्या धंद्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून अधिक काळ रोज चौकटी टिपल्या. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट मिनिटभराचाच होता. बी रुजते, कोंब वर येतो, वेल वाढतो, एवढेच त्यात दिसे. निवडक मंडळींना तो दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शवली. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले, तर ‘अंकुराची वाढ’ ही स्वतः केलेली जाहिरात-चित्रफीतच म्हणावी लागेल. तिच्यातील तीन गोष्टी आजही उपयोगी पडतात. तिचा विषय एकच होता. फाळके यांनी तिच्यात आपल्या कलेविषयी दावे केले नाहीत. ती कला प्रत्यक्ष दाखवली. आणि ती कोणासाठी आहे हे आधी ठरलेले होते. साऱ्या मुंबईला ती दाखवण्याची गरज नव्हती. मोजक्या धनिकांची खात्री पटली की काम होणार होते. फाळके एकटेही नव्हते. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली होती. उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या चित्रीकरणासाठी प्रकाश परावर्तित करीत, असेही सांगितले जाते.

पहिले काम : लेखन

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी कागद हातात घ्यावा. चित्रफितीतून एका माणसाला एकच गोष्ट कळायला हवी. ती एका वाक्यात लिहून काढावी. ‘आमच्याकडे सर्व प्रकारचा दिवाळी फराळ मिळतो’ हे वाक्य चित्रफितीच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. कारण ते दाखवता येत नाही. ‘आमची भाजणीची चकली पंधरा दिवस खुसखुशीत राहते’ हे दाखवता येते. अर्थात, ते खरे असले तरच.

यानंतर दृश्यांची यादी करावी. चकलीचेच उदाहरण घेतले, तर पाऊण मिनिटाच्या चित्रफितीसाठी पाच-सहा दृश्ये पुरतात : चकली मोडतानाचे अगदी जवळून घेतलेले दृश्य, भाजणीसाठी भाजली जाणारी डाळ-तांदूळ, सोऱ्यातून पडणारे वेढे, कढईतील तळण, डब्यात भरलेल्या चकल्या आणि अखेरीस वजन, किंमत व संपर्काचा क्रमांक. पहिले दृश्य सर्वांत बोलके असावे. मोबाइलवर बोटाच्या एका हालचालीने पुढे जाणारा प्रेक्षक ‘नमस्कार, मी आज आपल्यासमोर…’ या प्रस्तावनेसाठी थांबत नाही.

मराठीत लिहिताना एक विशेष अडचण येते. लेखी आणि बोली मराठीत मोठे अंतर आहे. ‘सदर उत्पादन आमच्या केंद्रावर माफक दरात उपलब्ध आहे’ असे लिहिणारा माणूस दुकानात ग्राहकाशी असे कधीच बोलत नाही. कागदावरील असे वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणताना जीभ अडखळते आणि दोष आपल्या बोलण्याला दिला जातो. वास्तविक दोष संहितेत असतो. यावर साधा उपाय असा की, घरातील कोणालाही समोर बसवून त्याला आपल्या मालाविषयी तोंडी सांगावे, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि त्यातून संहिता उतरवून घ्यावी. मग ती घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. पाऊण मिनिटात बसत नसेल, तर बोलण्याचा वेग न वाढवता वाक्ये कमी करावीत.

दुसरे काम : चित्रीकरण

नवा मोबाइल किंवा महागडा कॅमेरा घेतला की चित्र सुधारेल, हा समज सर्वत्र आढळतो. गेल्या काही वर्षांतील बहुतेक मोबाइल या कामाला पुरेसे असतात. चित्र बिघडते ते मुख्यतः प्रकाशामुळे.

खिडकीकडे पाठ करून बसले, की कॅमेरा खिडकीच्या उजेडानुसार स्वतःला जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खिडकीकडे तोंड करून, किंचित तिरपे बसले, की तीच खिडकी उत्तम दिवा ठरते. थेट ऊन चेहऱ्यावर येत असेल, तर पातळ पांढरा पडदा लावावा. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला सावली गडद वाटली, तर तेथे पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता धरावा. निळसर पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकाच वेळी चालू ठेवू नये. दोन रंगांच्या प्रकाशात त्वचेचा आणि खाद्यपदार्थांचा रंग खोटा दिसतो आणि तो नंतर सुधारणे कठीण जाते.

घरातील दिव्याखाली चित्रीकरण केले, की पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात, ही तक्रार नेहमीची आहे. अनेकजण त्यासाठी मोबाइलला दोष देतात. कारण वेगळे आहे. भारतात घरगुती विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असतो आणि त्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. मात्र बरेच मोबाइल सेकंदाला ३० चौकटी टिपतात आणि हा आकडा अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशांशी जुळणारा आहे. दोहोंचा मेळ न बसल्याने पट्टे उमटतात. मोबाइलमध्ये सोय असेल, तर सेकंदाला २५ चौकटी निवडाव्यात आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा. तशी सोय नसेल, तर दिवसा खिडकीच्या उजेडात काम उरकावे. सूर्यप्रकाशात हा प्रश्न उद्भवत नाही.

आणखी काही बाबी किरकोळ वाटल्या, तरी परिणाम मोठा करतात. स्वयंपाकघरात वापरलेल्या मोबाइलच्या भिंगावर तेलकट थर असतो. तो मऊ कापडाने पुसावा, अन्यथा सारे चित्र धुरकट येते. बहुतेक मोबाइलमध्ये पुढच्या कॅमेऱ्यापेक्षा मागचा अधिक चांगला असतो. पडद्यावर बोट दाबून धरले, की अनेक मोबाइलमध्ये प्रकाश व नाभीयन स्थिर करता येते; मग बोलता बोलता चित्र उजळ-अंधूक होत नाही. मोबाइल हातात न धरता स्टँडवर, किंवा तो नसेल तर पुस्तकांच्या थप्पीला टेकवून, डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. चित्रीकरणादरम्यान फोन येऊ नये म्हणून ‘एअरप्लेन मोड’ चालू करावा.

साठवणुकीची जागा आधी तपासावी. एक मिनिटाच्या १०८० दर्जाच्या चित्रीकरणाला साधारण ६० ते १३० मेगाबाइट जागा लागते. ‘फोर-के’ दर्जासाठी ती जवळजवळ तिप्पट होते. मोबाइलवरच पाहिल्या जाणाऱ्या छोट्या जाहिरातीसाठी १०८० दर्जा पुरेसा आहे. चित्र उभे घ्यावे की आडवे, हेही आधी ठरवावे. ‘रील्स’, ‘शॉर्ट्स’ आणि व्हॉट्सअॅप ‘स्टेटस’साठी उभे, तर यूट्यूबवरील सविस्तर चित्रफितीसाठी आडवे चित्र सोयीचे पडते. आडवे चित्र नंतर उभे कापताना हात, भांडी आणि कधी कधी निम्मा चेहराही चौकटीबाहेर जातो.

ध्वनी : दुर्लक्षित बाजू

चित्र थोडे अंधूक असले, तर प्रेक्षक सांभाळून घेतो. शब्द कळेनासे झाले, की तो निघून जातो. असे असूनही घरगुती चित्रफितीत सर्वांत कमी लक्ष ध्वनीकडे दिले जाते. मोबाइल चार-पाच फुटांवर ठेवला, की त्याचा माइकही तितकाच दूर जातो. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता मोकळ्या जागेत एक चतुर्थांश होते. खोलीतील पंखा, रस्ता आणि भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी मात्र होता तितकाच राहतो. म्हणून आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

उपाय खर्चाचा नाही. कपड्यांना लावायचा साधा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. तो नसेल, तर दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रण चालू करून चौकटीच्या जरा बाहेर, तोंडाजवळ ठेवावा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. संकलनाच्या वेळी दोन्ही ध्वनिरेषांवर टाळीचा उंच टोकदार ठसा दिसतो आणि तो जुळवला, की ओठ व आवाज यांचा मेळ बसतो. चित्रपटाच्या चित्रीकरणात दृश्याच्या आरंभी वाजवली जाणारी ‘क्लॅप’ची पाटी हेच काम करते.

खोली निवडतानाही टाळीचा उपयोग होतो. टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या दिवाणखान्यात टाळी वाजवली, की तिचा कंप ऐकू येतो. गादी, उशा, पडदे आणि कपड्यांचे कपाट असलेल्या झोपायच्या खोलीत तो जवळजवळ नाहीसा होतो. कॅमेऱ्यामागे एखादी गोधडी टांगली आणि जमिनीवर सतरंजी अंथरली, तरी फरक पडतो. पंखा आणि वातानुकूलन यंत्र बोलणे संपेपर्यंत बंद ठेवावे. शेवटी कोणीही न बोलता दहा सेकंद खोलीची शांतता मुद्रित करून ठेवावी. संकलनात दोन वाक्यांमधील पोकळी भरण्यास ती उपयोगी पडते. चित्रीकरणाआधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती इअरफोनवर ऐकावी. ‘सारे जमले, पण आवाजच आला नाही’ हा प्रसंग टाळण्याचा एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

तिसरे काम : निवेदन

कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा संकोच हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग होय. त्यामागे शरीराची आणि सवयीची दोन साधी कारणे आहेत. स्वतःचा आवाज माणूस एरवी हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दुहेरी ऐकतो. हाडांतून येणाऱ्या कंपनांमुळे तो भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात केवळ हवेतील भाग राहतो. म्हणून तो आवाज पातळ आणि परका वाटतो. इतरांनी मात्र तो नेहमी तसाच ऐकलेला असतो.

चेहऱ्याचेही तसेच आहे. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे उलट्या बाजूने पाहतो. मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींचा कल स्वतःच्या आरशातील प्रतिमेसारख्या छायाचित्राकडे, तर त्यांच्या जवळच्यांचा कल सरळ छायाचित्राकडे आढळला. ओळखीची प्रतिमा आवडते, हा त्याचा अर्थ. चित्रफितीतील स्वतःचे रूप खटकते, ते अनोळखी असते म्हणून. ग्राहकाला त्यात वावगे काही दिसत नाही. दहा-बारा वेळा स्वतःला पाहिल्यानंतर हा परकेपणा बराच ओसरतो.

यासाठी काही व्यावहारिक युक्त्या आहेत. संहिता सलग पाठ करू नये. एक वाक्य वाचावे, भिंगाकडे पाहून म्हणावे, थांबावे, मग पुढचे घ्यावे. चूक झाली तर कॅमेरा बंद करू नये. दोन सेकंद शांत राहून तेच वाक्य सुरुवातीपासून म्हणावे. चुकलेला भाग संकलनात सहज वगळता येतो. ‘एका दमात सारे बिनचूक’ हा हट्ट सोडला, तर तासाभराचे काम वीस मिनिटांत संपते. भिंगाच्या मागे ओळखीचे कोणी बसवले आणि त्यालाच सांगत आहोत असे समजून बोलले, की स्वरातील ताठरपणा कमी होतो.

आणि चेहरा दाखवायचाच नसेल, तर तशी सक्ती कोठेही नाही. हात काम करताना दाखवावेत आणि निवेदन नंतर शांतपणे, कागद समोर ठेवून मुद्रित करावे. शिवणकाम, कुंभारकाम, स्वयंपाक, दुरुस्ती या व्यवसायांत चेहऱ्यापेक्षा हात अधिक विश्वास निर्माण करतात.

शक्य तेथे ही कामे दोघांत वाटून घ्यावीत. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, सारोळा कासार येथील सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी २०२० मध्ये महाराष्ट्रभर गाजली. पाककृती आजीची आणि चित्रीकरण नातवाचे, अशी तेथे विभागणी होती. आजीला कॅमेऱ्याचे तंत्र शिकावे लागले नाही आणि नातवाला पदार्थ रांधावा लागला नाही.

चौथे काम : संकलन

संकलन चित्रीकरणाच्या दिवशी करू नये. दमलेल्या माणसाला आपले सारेच टाकाऊ वाटते किंवा काहीच टाकवत नाही. दुसऱ्या दिवशी प्रथम केवळ बोलण्याचा भाग लावून घ्यावा : चुकलेली वाक्ये, लांबलेले श्वास आणि ‘म्हणजे काय की’ कापून टाकावे. तसे केल्यावर चित्रात जागोजागी धक्का जाणवतो. त्या जागांवर कामाची, मालाची, हातांची दृश्ये ठेवली, की धक्का झाकला जातो आणि बोलणे सलग ऐकू येते. दृश्यांची यादी आधी केलेली असावी, ती याचसाठी.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी ‘शॉटकट’ व ‘केडेनलाइव्ह’ ही मुक्त सॉफ्टवेअर आणि ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची विनामूल्य आवृत्ती पुरेशी आहे. मोबाइलवरील चित्रीकरण संगणकावर घेतल्यावर आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडू लागतो, ही तक्रारही नेहमीची. अनेक मोबाइल चौकटींचा वेग प्रकाशानुसार कमी-जास्त करतात आणि काही सॉफ्टवेअरला तो स्थिर लागतो. ‘हँडब्रेक’ या विनामूल्य सॉफ्टवेअरने चित्रफीत स्थिर वेगात रूपांतरित करून घेतली, की दोष सहसा नाहीसा होतो.

मराठी शीर्षकांचा प्रश्न स्वतंत्र आहे. छपाईच्या व्यवसायात वर्षानुवर्षे वापरलेले जुने, युनिकोड नसलेले फाँट चित्रफितीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर बिघडवतात. युनिकोड फाँटच वापरावेत. ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे विनामूल्य मिळतात. तरीही जोडाक्षरे फुटत असतील किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जात असेल, तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा. ‘अॅडोबी प्रीमियर’मध्ये तो आहे. बोलण्याचा मजकूर खाली अक्षरांत देणे हिताचे, कारण लोकलमध्ये किंवा कार्यालयात अनेकजण आवाज बंद ठेवूनच पाहतात. अक्षरे मोठी असावीत आणि पडद्याच्या अगदी तळाला नसावीत. तेथे त्या-त्या अॅपची बटणे येतात.

संगीत, दावे आणि कायदा

मेहनतीने केलेली चित्रफीत प्रसिद्ध होताच तिचा आवाज बंद केला जातो किंवा ती काढून टाकली जाते, तेव्हा होणारी निराशा वेगळीच. लोकप्रिय चित्रपटगीत पार्श्वभूमीला वापरणे हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण. गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्र हक्क असतात. गाणे विकत घेतले म्हणून ते जाहिरातीत वापरण्याची परवानगी मिळत नाही आणि ‘पंधरा सेकंदांपर्यंत चालते’ या समजुतीला कायद्यात आधार नाही. यूट्यूबची स्वयंचलित ओळख-यंत्रणा २००७ पासून अशी गाणी शोधते. इन्स्टाग्रामवर व्यक्तिगत खात्याला मिळणारी सगळी गाणी व्यावसायिक खात्याला वापरता येत नाहीत. यूट्यूबच्या ‘ऑडिओ लायब्ररी’तील संगीत त्याच्या अटी वाचून वापरावे, किंवा संगीताविना कामाचाच आवाज ठेवावा. हातमागाचा ठोका किंवा चकली मोडण्याचा आवाज एखाद्या उसन्या चालीपेक्षा अधिक लक्षात राहतो.

दाव्यांच्या बाबतीतही सावध राहावे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा स्वरूपाच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्थापन झालेले केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. या संदर्भातील मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये जारी झाली. घरी केलेली जाहिरात ही देखील जाहिरातच असते. ग्राहकांचे अभिप्राय खरे असावेत आणि चेहरा दाखवण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी.

आकड्यांची निराशा

चित्रफीत प्रसिद्ध झाल्यानंतरचा त्रास पाहणाऱ्यांच्या संख्येचा असतो. दुसऱ्याच्या चित्रफितीला लाखो प्रेक्षक आणि आपल्याला दोनशे, ही तुलना उत्साह मारते. येथे नेहमी ‘डॉलर शेव्ह क्लब’ या अमेरिकी कंपनीचे उदाहरण दिले जाते. दाढीची पाती घरपोच देणाऱ्या या कंपनीने मार्च २०१२ मध्ये दीड मिनिटाची चित्रफीत प्रसिद्ध केली. खर्च सुमारे साडेचार हजार डॉलर होता आणि पहिल्या दोन दिवसांत सुमारे बारा हजार मागण्या आल्या. कंपनी २०१६ मध्ये युनिलिव्हरने घेतली. मात्र या कथेचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. चित्रफितीत बोलणारे संस्थापक मायकेल डुबिन यांनी उत्स्फूर्त विनोदी सादरीकरणाचे शिक्षण अनेक वर्षे घेतले होते आणि दिग्दर्शन ल्युसिया अॅनिएलो यांनी केले होते. पैसे कमी लागले, तरी लेखन आणि सादरीकरण यांमागे मोठा सराव होता आणि कामेही वाटून घेतलेली होती.

शिवाय लाखोंची गरज प्रत्येकाला नसते. डोंबिवलीत महिन्याला शंभर किलो फराळ करणाऱ्या गृहिणीला सोलापुरातील पन्नास हजार प्रेक्षकांचा उपयोग नाही; आपल्या परिसरातील दोनशे कुटुंबे मात्र तिचा हंगाम भरून काढतात. म्हणून चित्रफीत आधी असलेल्या ग्राहकांना आणि सोसायटीच्या गटांना पाठवावी, आणि ‘ही पाहून किती जणांनी विचारणा केली’ हा आकडा वहीत लिहावा. यूट्यूबच्या ‘स्टुडिओ’ विभागात प्रेक्षक कोणत्या क्षणी निघून गेले, याचा आलेख मिळतो. सुरुवातीच्या काही सेकंदांतच आलेख कोसळत असेल, तर पुढील चित्रफितीची सुरुवात बदलावी. एका वेळी एकच सुधारणा केली, की कशाचा उपयोग झाला हे कळते.

चार दिवसांचा क्रम

ज्यांना आरंभ करायचा आहे, त्यांनी एका दिवसात सारे उरकण्याचा विचार सोडावा. पहिल्या दिवशी संहिता व दृश्यांची यादी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात हातांची व मालाची दृश्ये, तिसऱ्या दिवशी शांत वेळी निवेदन आणि चौथ्या दिवशी संकलन, असा क्रम ठेवला, तर रोज तास-दीड तास पुरतो. पहिल्या चित्रफितीची लांबी एका मिनिटाच्या आत ठेवावी. तिसरी पूर्ण होईपर्यंत नवीन साहित्यावर खर्च करू नये. आणि केलाच, तर प्रथम माइकवर करावा.

व्यावसायिक छायाचित्रकाराची किंवा संकलकाची मदत घेण्यात कमीपणा नाही. दोन-तीन चित्रफिती स्वतः केलेल्या माणसाला आपल्याला नेमके कोणते काम जमत नाही, हे कळलेले असते. मग साऱ्या चित्रफितीचा खर्च न करता तो तेवढेच काम बाहेर देतो आणि मिळालेले काम पारखूनही घेतो. लेखन मात्र शक्यतो स्वतःकडेच ठेवावे. भाजणीत काय पडते, कापड धुतल्यावर किती आटते, गुडघा दुखणाऱ्याने कोणते आसन टाळावे, हे सांगण्याचा अधिकार ते काम करणाऱ्याचा आहे आणि ग्राहक चित्रफीत पाहतो, ते हेच ऐकण्यासाठी.